प्रागमध्ये एकच दिवस आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सहा वर्षांपासून प्रागमध्ये राहते. एप्रिल उजाडला की पुण्या-नाशकाहून, ठाण्या-डोंबिवलीहून फोन सुरू होतात. "अगं, युरोपला येतोय. व्हिएन्ना आणि बर्लिनच्या मधे एक दिवस प्राग आहे. काय काय पाहायचं?" प्रश्न तेच आणि त्यांचा क्रमही जवळजवळ तोच, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलं. सगळं वाचायचा कंटाळा असेल त्यांनी तिसरा प्रश्न तेवढा वाचावा.

एका दिवसात प्राग पाहून होतं का?

होत नाही. "होतं की!" म्हणणारा टूरवाला तुम्हाला प्रागमधून पळवत नेतो आणि संध्याकाळी साडेपाचला बसमध्ये बसवतो. म्हणजे शहर रंगात यायच्या वेळेला तुम्ही हायवेवर. झेक लोक या शहराला 'प्राहा' म्हणतात, आणि 'प्राह' म्हणजे उंबरठा. लिबुशे नावाच्या भविष्य सांगणाऱ्या राजकन्येने एक माणूस घराचा उंबरठा घडवत असेल तिथे नगर वसवा, असं सांगितल्याची दंतकथा आहे. एका दिवसात तुम्ही त्या उंबरठ्यापर्यंतच येता. तेवढं तरी नीट यावं.

व्हिसा वेगळा लागतो का? युरो चालतो का?

शेंगेन व्हिसा चालतो, झेक प्रजासत्ताक डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये आहे. युरो मात्र इथलं चलन नाही, इथे कोरुना. पर्यटकी दुकानं युरो घेतात, पण त्यांनी ठरवलेल्या भावाने. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. थोडी नाणी जवळ ठेवा, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहं बहुतेक ठिकाणी पैसे देऊन वापरायची असतात.

दिवसाची आखणी कुठून सुरू करू?

संध्याकाळपासून. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण "हो हो" म्हणून किल्ल्यापासून सुरुवात करतो.

आधी रात्रीचं तिकीट काढा. घरबसल्या, भारतातून निघण्यापूर्वी. प्रागमध्ये संध्याकाळी सातला नाटकघरांचे पडदे उघडतात आणि दिवसभर पाहिलेल्या दगडी शहराला आवाज फुटतो. ते तिकीट खिशात असलं की मागे मोजत या: सातला प्रयोग, म्हणजे साडेसहाला दारात, म्हणजे पाचला काहीतरी खाणं, म्हणजे चारला हॉटेलवर पाठ टेकणं. उरला तो दिवस फिरण्याचा, सकाळी साडेसहा ते दुपारी चार. कमी वाटतो का? साडेनऊ तास होतात. नेहमीच्या टूरवाल्या दिवसात त्यातले तीन तास रांगेत आणि दोन तास सोबतच्यांची वाट पाहण्यात जातात.

माझ्या पाहुण्यांना मी देते तो क्रम असा. सकाळी लवकर चार्ल्स ब्रिज, रिकामा असताना. पूल ओलांडला की मालोस्त्रान्स्के चौकातून २२ नंबरच्या ट्रामने वर, किल्ल्याच्या मागच्या अंगाला. नऊला किल्ल्यातल्या वास्तूंची दारं उघडतात. साडेअकरापर्यंत किल्ला, मग नेरुदोवा रस्त्याने चालत उतार. जेवण. दुपारी नदीच्या अलीकडे येऊन ज्यू वस्ती, आणि तीन वाजून गेल्यावर जुन्या शहरातल्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळाचा चौक. बस्स. डान्सिंग हाऊस, पेत्रशीनचा मनोरा, व्हिशेह्राद हे सगळं पुढच्या वेळी.

किल्ल्यावर चढून जावं लागतं का? आईचे गुडघे...

नाही. वर सांगितलेली २२ नंबरची ट्राम 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर सोडते. तिथून किल्ल्याचं मागचं दार सपाटीवर, चार-पाच मिनिटांवर आहे. बरेचसे लोक खालून पायऱ्या चढत, धापा टाकत येतात. तुम्ही वरून शिरा आणि उताराने घरी या. दारावर सुरक्षा तपासणी असते, मोठ्या बॅगा नेऊ नका.

खरी अडचण चढाची नाही, फरसबंदीची आहे. जुन्या शहरातले रस्ते गोलसर दगडांचे आहेत, झेक लोक त्यांना 'मांजराची डोकी' म्हणतात. पाऊस पडला की ती मांजरं पायाखालून निसटतात. चांगले, जाड तळव्याचे बूट घाला. विसरला असाल तर वेन्सेस्लास चौकात बाटाचं १९२९ साली बांधलेलं दुकान आहे. हो, बाटा इथलंच! झ्लिन गावच्या तोमाश बात्याने १८९४ मध्ये भावंडांबरोबर काढलेली कंपनी. शाळेचे बूट आयुष्यभर तिथून घेऊनही हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. तसंच स्कोडाचं. चाकणमध्ये गाड्या बनवणारी कंपनी मूळची प्रागच्या ईशान्येला असलेल्या म्लादा बोलेस्लाव्हची.

किल्ल्यात नेमकं काय पाहायचं? सगळं बघत बसलो तर दिवस जाईल.

जाईलच. नवव्या शतकापासून वाढत आलेला हा पसारा जवळजवळ ७० हजार चौरस मीटरचा आहे. आपल्या डोळ्यांना तो किल्ला वाटतच नाही, तटबंदीतलं गाव वाटतो. तीनच गोष्टी धरा.

पहिली, सेंट व्हिटस कॅथीड्रल. पायाभरणी १३४४, पूर्ण १९२९. मधे युद्धं आणि पैशांची चणचण, म्हणून जवळजवळ सहाशे वर्षं. आत डाव्या बाजूला झेक चित्रकार आल्फोन्स मुखाने रंगवलेली काचेची खिडकी आहे. सकाळच्या उजेडात तिथे जरा थांबा, फोटो नंतर काढा.

दुसरी, जुन्या राजवाड्यातला व्लादिस्लाव्ह दरबार. इथे सरदार घोड्यांसकट आत यायचे आणि छताखाली भाल्यांच्या झुंजी व्हायच्या. घोड्यांसाठी बांधलेला रुंद जिना आजही आहे. त्याच्याच बाजूच्या कचेरीत ती प्रसिद्ध खिडकी. २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी आणि एक चिटणीस असे तिघे त्या खिडकीतून खाली फेकले. तिघेही वाचले! कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. या भांडणातून युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. खिडकी दिसायला अगदीच साधी आहे आणि मला ती म्हणूनच आवडते.

तिसरी, गोल्डन लेन. बुटक्या, रंगीत घरांची एक गल्ली. २२ नंबरच्या घरात १९१६-१७च्या हिवाळ्यात फ्रान्झ काफ्का लिहायला यायचा. घर त्याच्या बहिणीने भाड्याने घेतलं होतं. गर्दी असेल तर पाच मिनिटांत बाहेर पडा, रुखरुख लावून घेऊ नका.

पहारा दर तासाला बदलतो. दुपारी बाराचा वाजंत्रीसकट असतो, पण त्यासाठी अर्धा तास उन्हात उभं राहायचं की नाही हे आपलं आपण ठरवावं.

उतरताना नेरुदोवानेच का?

घरांसाठी. अठराव्या शतकात नंबर येईपर्यंत इथली घरं दारावरच्या चिन्हांनी ओळखली जायची: तीन व्हायोलिन, लाल कोकरू, दोन सूर्य. पुणेकरांना याचं नवल वाटू नये. 'उपाशी विठोबापाशी या' किंवा 'खुन्या मुरलीधराच्या अलीकडे' अशा पत्त्यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या पोहोचलेलो आहोत. दोन सूर्यांच्या घरात लेखक यान नेरुदा राहायचा. रस्त्याला त्याचंच नाव आहे.

चार्ल्स ब्रिजवर भल्या सकाळीच का जायचं?

कारण दहानंतर तिथे तुळशीबाग असते.

पूल आहे ५१६ मीटर लांब, व्ल्तावा नदीवर. आधीचा पूल १३४२च्या पुरात गेला, मग चौथ्या कार्ल राजाने हा बांधायला घेतला. पायाभरणीचा मुहूर्त राजाच्या ज्योतिषांनी काढला असं सांगतात: सन १३५७, नववी तारीख, सातवा महिना, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं. ओळीने लिहा, १-३-५-७-९-७-५-३-१. सुलट वाचा, उलट वाचा, तेच. मुहूर्ताच्या बाबतीत आपणच काटेकोर, असा समज असणाऱ्या माझ्या एका आत्यांना हे ऐकून बरं वाटलं नव्हतं.

कठड्यांवर तीस पुतळे आहेत, बहुतेक १७०० सालाच्या मागेपुढे बसवलेले. पाऊस आणि धुराने झिजू लागले म्हणून अनेक मूळ पुतळे आत संग्रहालयात नेले आणि जागेवर प्रतिकृती ठेवल्या. त्यातला सर्वांत जुना, १६८३चा, डोक्याभोवती पाच तारे असलेला, नेपोमुकच्या संत यानचा. चौथ्या कार्लचा मुलगा, राजा व्हेन्सेस्लास याने १३९३ मध्ये त्याला याच पुलावरून नदीत टाकलं. राणीने पापनिवेदनात सांगितलेलं गुपित त्याने राजाला सांगितलं नाही म्हणून, अशी लोककथा. पुतळ्याखालच्या पितळी पट्टीला हात लावला की प्रागला परत येणं होतं म्हणतात. हजारो हातांनी ती पट्टी पंढरपूरच्या पायरीसारखी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे.

त्या घड्याळात एवढं काय आहे? व्हिडिओत तर बाहुल्या फिरतात आणि संपतं.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा वैताग रास्त आहे. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वर दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा प्रेषित रांगेने दर्शन देतात, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभराच्या आत खेळ खलास. तोवर मोबाइल उंचावलेल्या गर्दीत खिसेकापूंचंही काम उरकलेलं असतं.

म्हणून तासाच्या ठोक्याला जाऊच नका. ठोक्यानंतर दहा मिनिटांनी जा. चौक रिकामा झालेला असतो आणि तबकडी तिथेच असते. पाहण्यासारखी तबकडीच आहे, आणि ती वाचायला पंचांग चाळलेल्या मराठी माणसाइतका लायक पर्यटक दुसरा कुठला नसेल.

यंत्राचा मूळ भाग १४१० सालचा, कादान्यच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीचा. बाहुल्या पुष्कळ नंतरच्या. तबकडीवर सूर्याचा काटा, चंद्राचा काटा आणि बारा राशींचं फिरतं कडं आहे. सूर्य आज कोणत्या राशीत, चंद्र कोणत्या राशीत, हे सरळ वाचता येतं. फक्त या राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, आणि आपल्या पंचांगातल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या. त्यामुळे सूर्याच्या राशीत साधारण तेवीस-चोवीस दिवसांचा फरक पडेल, गोंधळू नका. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा रुपेरी. तो स्वतःभोवती फिरत शुक्ल-कृष्ण पक्ष दाखवतो.

आता सगळ्यात बाहेरचं कडं बघा. त्यावर जुन्या वळणाचे १ ते २४ आकडे. हे जुनं बोहेमियन, म्हणजे प्रागभोवतीच्या झेक प्रदेशातलं, कालमापन. यात दिवस सूर्यास्ताला संपतो आणि तिथून पुढचे तास मोजले जातात. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून हे कडंही वर्षभर पुढेमागे सरकतं. आपण घटिका सूर्योदयापासून मोजायचो, यांनी सूर्यास्तापासून मोजल्या, एवढाच काय तो फरक. त्याच तबकडीवर तिसरी पद्धतही आहे: सूर्योदय ते सूर्यास्त यांचे सारखे बारा भाग. उन्हाळ्यात तास लांब, हिवाळ्यात आखूड. राहुकाळ काढताना दिवसमानाचे आठ भाग करतात, तोच हिशोब, भाग तेवढे बारा.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गणिताचे मास्तर या तबकडीसमोर पाऊण तास उभे होते. त्यांच्या सुनेने तेवढ्यात खरेदी उरकली. दोघंही खूश.

तिथेच पायाखाली फरशीत सत्तावीस पांढरे क्रॉस आहेत. १६२१च्या २१ जूनला याच चौकात सत्तावीस बंडखोरांना मारलं, ते खिडकी प्रकरणाचं तीन वर्षांनी आलेलं उत्तर. समोरच्या दोन मनोऱ्यांच्या टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे पुरलेला आहे.

ज्यू वस्ती पाहावी का? लहान मुलं आहेत बरोबर.

पाहावी, पण तुमचा तो एक दिवस शनिवार असेल तर विसरा. शनिवारी आणि ज्यू सणांना तिथली संग्रहालयं बंद असतात.

पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोरावियातल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. लांबून भिंती नुसत्या करड्या दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की ती अक्षरं आहेत. बाहेर जुनं कब्रस्तान. पंधराव्या शतकापासून १७८७ पर्यंत वस्तीला दुसरी जागाच दिली नाही, म्हणून थडग्यांवर थडगी रचत गेले, काही ठिकाणी बारा थरांपर्यंत. बारा हजारांच्या आसपास शिळा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारख्या उभ्या आहेत. मुलांना इथे गोलेमची गोष्ट सांगा: रब्बी (ज्यू धर्मगुरू) ल्योव यांनी वस्तीच्या रक्षणासाठी चिखलाचा माणूस बनवून त्यात प्राण फुंकले. पुढे १९२० मध्ये कारेल चापेक या झेक लेखकाच्या नाटकातून 'रोबोट' हा शब्द जगाला मिळाला. कृत्रिम माणूस या शहराच्या डोक्यात बराच काळ घोळत होता.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. लसणाच्या सारात मांसाचा अर्क असू शकतो, बटाट्याची धिरडी चरबीत तळलेली असू शकतात. नीट विचारा. 'स्माझेनी सीर', म्हणजे चीजची जाड वडी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, बरोबर बटाटे. हे अस्सल झेक आणि बिनमांसाचं. अंडं मात्र असतं. पोट बंड करू लागलं तर 'धाबा बेआस' नावाची शाकाहारी भारतीय खानावळ शहरात बऱ्याच ठिकाणी आहे. ताट आपण वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. वरण-भाताची भूक तिथे भागते. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेत बसू नका.

तो कोपऱ्या-कोपऱ्यावरचा गोल, साखर लावलेला पाव? 'पारंपरिक' लिहिलंय.

त्रदेल्निक. माझ्या झेक शेजारणीला विचारा, ती डोळे फिरवते. तिच्या लहानपणी प्रागच्या रस्त्यांवर तो नव्हता. गरम असताना चव वाईट नाही. खा, फक्त परंपरा म्हणून खाऊ नका.

बिअर?

दरडोई बिअर पिण्यात झेक लोक जगात पुढे आहेत, तेव्हा पिणाऱ्यांना काही सांगायला नको. न पिणाऱ्यांसाठी: काही जुन्या पबांत ग्लास संपला की न विचारता दुसरा येतो आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर रेघ पडते. नको असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवा. माझ्या मामांनी पहिल्या दिवशी केवळ भिडेखातर चार घेतल्या होत्या.

पैसे कुठे बदलावेत?

रस्त्यात "चेंज मनी?" म्हणत जवळ येणाऱ्याकडे कधीच नाही. तो बाद झालेल्या किंवा भलत्याच देशाच्या नोटा हातात टेकवतो. काउंटरवर बदलत असाल तर 'कमिशन शून्य' या पाटीवर जाऊ नका. "शंभर युरोचे हातात किती कोरुना देणार?" एवढंच विचारा. फसलात तरी एक उपाय आहे. २०१९ पासून कायद्याने एक हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून रद्द करता येतो. पावती फेकू नका. एटीएमने "तुमच्या चलनात हिशोब करू का?" असं विचारलं तर 'नाही' म्हणा, कोरुनातच घ्या.

ट्रामचं तिकीट कसं काढतात?

थांब्यावरच्या मशीनवर, ट्राममध्ये कार्डाने किंवा अॅपवर. एकच तिकीट ट्राम, मेट्रो, बस सगळ्यांना चालतं. थांब्यावरच्या मशीनवर कागदी तिकीट काढलं की ते पिवळ्या डबीत घालून ठसा उमटवायचा, एकदाच. ठसा नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. साध्या कपड्यांतले तपासनीस पर्यटकांच्या वाटेवर हमखास असतात आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य त्यांनी सगळ्या भाषांत ऐकलेलं आहे. विमानतळावरून येत असाल तर ५९ नंबरची ट्रॉलीबस मेट्रोपर्यंत आणते.

आता संध्याकाळ. नक्की कशाचं तिकीट काढू?

कोण येतंय त्यावर आहे.

संगीताची थोडीही आवड असेल तर एस्टेट्स थिएटर. १७८३ साली उघडलेलं, फिकट हिरवं, आत निळ्या-सोनेरी सज्ज्यांचं घर. २९ ऑक्टोबर १७८७ रोजी मोझार्टने आपल्या 'डॉन जोव्हान्नी' ऑपेराचा पहिला प्रयोग याच रंगमंचावर स्वतः वाद्यवृंद चालवत केला. सुरुवातीची ओव्हर्चर, आपल्या भाषेत नांदीच म्हणा, प्रयोग तोंडावर आलेला असताना एका रात्रीत लिहून काढली अशी गोष्ट सांगतात. तोच ऑपेरा आजही त्याच घरात होतो. तुमच्या तारखेला असेल तर दुसरं काही बघू नका. भाषा इटालियन, पण वर पाटीवर इंग्रजी आणि झेक ओळी येतात. गोष्टही आपल्याला परकी नाही: एक लंपट सरदार, त्याचा वैतागलेला नोकर, आणि शेवटी जेवणाला आलेला दगडी पुतळा. संगीत नाटकावर वाढलेल्या माझ्या सासऱ्यांना सगळं पटलं, फक्त वन्स मोअर घेत नाहीत याची खंत राहिली.

नदीकाठचं नॅशनल थिएटर हे दुसरं घर, आणि त्याची कथा नाटकापेक्षा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात राज्य व्हिएन्नाचं, मानाची भाषा जर्मन. झेक लोकांनी ठरवलं, आपल्या भाषेचं नाटकघर आपल्या पैशाने बांधायचं. दारोदार वर्गणी गोळा झाली. जून १८८१ मध्ये पहिला प्रयोग झाला आणि ऑगस्टमध्ये इमारत जळाली. पुन्हा वर्गणी. ४७ दिवसांत दहा लाख गुल्डेन (तेव्हाचं चलन) जमले. नोव्हेंबर १८८३ मध्ये झेक संगीतकार स्मेतानाच्या 'लिबुशे' या ऑपेराने पडदा पुन्हा उघडला, तीच ती उंबरठ्याची राजकन्या. रंगमंचाच्या वर दोन शब्द कोरलेत, 'नारोद सोब्ये': राष्ट्राने, स्वतःसाठी. तळेगावच्या पैसा फंडाची गोष्ट घरी ऐकलेल्या माणसाला ते शब्द वाचताना काहीतरी होतं. मला तरी होतं.

दोन्ही घरांची तिकिटं नॅशनल थिएटरच्याच संकेतस्थळावर मिळतात. वरच्या गॅलरीतली स्वस्त असतात, पण रंगमंच अर्धा दिसतो की पूर्ण, ते नकाशावर पाहून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये या मंडळ्यांची उन्हाळी सुट्टी असते. आपल्या टूर नेमक्या मे-जूनमध्ये असतात, ते बरं.

मुलं ऑपेरात झोपतील. त्यांना काय?

कळसूत्री बाहुल्या. झेक आणि स्लोव्हाक बाहुलीनाट्य २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नॅशनल मॅरियोनेट थिएटर १९९१ पासून तोच 'डॉन जोव्हान्नी' बाहुल्यांकडून करवून घेतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांच्या बाहुल्या पाहिल्या असतील, तर दोरीच्या जागी इथे काय काय आहे ते मुलांना शोधायला सांगा.

नाहीतर ब्लॅक लाइट थिएटर. काळा मखमली पडदा, काळ्या कपड्यांतले न दिसणारे नट, आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्यात चमकणाऱ्या हवेत तरंगत्या वस्तू. यिर्झी स्र्नेत्स याने १९६१ मध्ये या तंत्राचं नाटकघर प्रागमध्ये काढलं. शब्द जवळजवळ नसतात, त्यामुळे आजी आणि नातू दोघांना सारखंच कळतं. आता या नावाखाली बरीच दुकानं आहेत आणि सगळी चांगली नाहीत.

चौकात मोझार्टसारखा टोप घालून तिकिटं विकतात, ती घ्यावीत का?

मी पहिल्याच वर्षी घेतली. चर्चमधली मैफल. पत्रकावर भरगच्च वाद्यवृंद, प्रत्यक्षात चार वादक, पन्नास मिनिटांत सगळ्या लोकप्रिय चिजांचे तुकडे, आणि बाहेर डिसेंबर तर आतही डिसेंबर. वादक बिचारे चांगले होते. चर्चमधल्या सगळ्याच मैफली वाईट असतात असं नाही, पण रस्त्यावर घाईने तिकीट घेऊ नका. तेवढ्याच पैशात रुडॉल्फिनम या मैफलीच्या सभागृहात झेक फिलहार्मोनिक ऐकायला मिळू शकतं; या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम जानेवारी १८९६ मध्ये खुद्द संगीतकार द्वोर्झाकने चालवला होता. जॅझ आवडत असेल तर १९५०च्या दशकापासूनचा रेडुटा क्लब. १९९४ मध्ये तेव्हाचे झेक राष्ट्राध्यक्ष वात्सलाव हावेल यांच्यासोबत आलेले बिल क्लिंटन तिथे सॅक्सोफोन वाजवून गेले.

नाटकाला काय घालायचं? जीन्स चालेल?

हाकलणार कोणी नाही. पण इथले लोक, विशेषतः वयस्कर मंडळी, नटून येतात. साडी नेसा! मध्यंतरात दोन-तीन आज्या तरी काठ हातात धरून बघतील. कोट-जॅकेट आत नेत नाहीत, 'शात्ना'त, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत द्यावं लागतं. बिल्ला जपा.

भाषेचं काय?

इंग्रजीवर निभावतं. तरी दुकानात शिरताना "दोब्री देन" म्हणा, माणसं एकदम मऊ होतात. 'देन' म्हणजे दिवस, आपला 'दिन'च. 'द्वा', 'त्र्शी' म्हणजे दोन, तीन. 'ब्रात्र' म्हणजे भाऊ, भ्राता. एकच खबरदारी: 'आनो' म्हणजे हो, आणि बोलताना त्याचं नुसतं 'नो' होतं. वेटर मान डोलावत "नो, नो" म्हणाला तर तो होकार आहे.

रात्री उशिरा फिरणं सुरक्षित आहे का? हॉटेलवर कसं पोहोचायचं?

शहर सुरक्षित आहे. जपायचे ते खिसे, गर्दीच्या ट्राममध्ये आणि पुलावर. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, मग ९१ ते ९९ नंबरच्या रात्रीच्या ट्राम रात्रभर धावतात आणि सगळ्या लाझार्स्का थांब्यावरून जातात. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून घेऊ नका, अॅपवरून बोलवा.

पण प्रयोग दहाला सुटला असेल आणि पाय अगदीच बोलत नसतील, तर एस्टेट्स थिएटरपासून पूल दहा-बारा मिनिटांवर आहे. सकाळी पाहिलेल्या तीस पुतळ्यांच्या आता काळ्या आकृत्या झालेल्या असतात आणि वर किल्ला दिव्यांत उजळलेला. जूनमध्ये दहालाही पश्चिमेला थोडी निळाई उरलेली असते. ती पितळी पट्टी सकाळी राहून गेली असेल तर आता रांग नसते.